महाभोपळा आणि घरची भाजी, एकाच बॅकयार्डात: कोणतं काम कधी

दरवर्षी जून उजाडला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "वेल मस्त पसरलीय, आता भोपळा मोठा कसा करायचा?" माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. जूनमध्ये हा प्रश्न विचारायला आठ महिने उशीर झालेला असतो. भोपळ्याचं वजन आदल्या ऑक्टोबरात मातीत ठरतं, मे-जूनमध्ये पानांत ठरतं, आणि फळ धरेपर्यंत आपल्या हातात फक्त ते न बिघडवणं उरतं. आपली मंडळी नेमकी उलटी जातात. मे महिन्यात बी टोचतात, वेल वाट्टेल तशी पसरू देतात, पाच फळं धरतात आणि ऑगस्टमध्ये खताच्या पिशव्या ओततात.

खालच्या तारखा मध्य न्यू जर्सीच्या आहेत. तुमच्याकडे शेवटचं दव-हिम कधी पडतं ते पाहून पुढे-मागे करा. कामांचा क्रम मात्र हाच ठेवा. वाफा १५ बाय २० फुटांचा, म्हणजे ३०० चौरस फूट धरलाय, कारण सबर्बच्या घरात भाजीला जागा ठेवून एवढंच उरतं. त्यात पहिल्या वर्षी २०० पौंड (सुमारे ९० किलो) आले तर उत्तम, ४०० आले तर पेढे वाटा. कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे २०२३ साली २,७४९ पौंडांचा (१,२४७ किलो) भोपळा काट्यावर चढला. तो पिकला होता मिनेसोटात, तेव्हा थंडीची सबब चालणार नाही. पण त्या लोकांच्या एकेका वेलीला आपल्या दुप्पट-तिप्पट जागा असते, हेही लक्षात ठेवा.

## बी कोणतं घ्यायचं

इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या लाल भोपळ्याच्या बिया सुकवून लावल्यात, तर कितीही खत घाला, महाभोपळा येणार नाही. तो वेगळ्या जातकुळीचा आहे. पाकिटावर 'अटलांटिक जायंट' हे नाव हवं. पहिल्या वर्षी दुकानातलं पाकीट पुरे. पुढे हौस वाढली तर भोपळावाल्यांच्या क्लबांकडून वंशावळ असलेलं बी मिळतं. त्याचं नाव म्हणजे आईफळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर ऑक्टोबरात घरात वाद होतील. हा भोपळा खायला पाणचट आणि रेषाळ लागतो. घारगे, भरीत, सांबार यांसाठी दुसरीकडे बटरनटचे दोन वेल लावा. ते आपल्या डांगराच्या जवळचं आहे आणि त्याची वेल भरीव असल्याने पोखरणारी अळी तिला फारशी शिवत नाही.

## टप्पा १: जागा आणि भाजीची वाटणी (सप्टेंबर)

दिवसाला किमान आठ तास थेट ऊन लागतं. सप्टेंबरात उभं राहून जागा ठरवू नका. तेव्हाची सावली आणि जुलैची सावली वेगळी असते. फोनमध्ये जुलैचे फोटो असतील तर ते काढून बघा.

अंगणातला सगळ्यात हिरवागार तुकडा पाहून भुलू नका. सेप्टिक टँकचं पाणी मुरतं ती जागा अशीच हिरवी दिसते, आणि तिथे खायची भाजी लावायची नसते. जवळ काळ्या अक्रोडाचं झाड असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची तिथून लांब न्या. त्याच्या मुळांतल्या द्रव्याने ही झाडं पाणी असूनही माना टाकतात.

भाजी आणि भोपळा यांच्यात भांडण जागेचं कमी, वेळेचं जास्त असतं. भोपळ्याची वेल जूनच्या मध्यापर्यंत वाफ्याच्या दूरच्या टोकाला पोचतच नाही. ती जागा दोन महिने ओस ठेवायचं कारण नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर पेरा. मेथी महिन्याभरात हाताशी येते. १० जूनपर्यंत सगळं उपटून जागा मोकळी करायची, हा मात्र करार. "अजून एक खुडा निघेल" म्हणून पालक ठेवलात तर वेल त्यावरून जाते, मग ना पालक मिळतो ना वेल जमिनीला टेकते.

भेंडी, वांगी, मिरची, गवार यांना स्वतंत्र वाफा. कारली, दुधी, तोंडली मांडवावर आणि तो मांडव भोपळ्याच्या उत्तरेला, म्हणजे सावली पडणार नाही. दुधीचे पराग लागून भोपळा बिघडतो हा समज सोडून द्या. दुधीचा आणि याचा संकर होतच नाही. शिवाय परक्या परागांचा परिणाम होतो तो बियांवर, या वर्षीच्या फळावर नाही.

सावध: हरणं. कोवळी पानं आणि शेंडा एका रात्रीत खलास होतो. सात-आठ फुटांचं कुंपण नसेल तर बाकीचा लेख वाचायची घाई करू नका.

## टप्पा २: माती (ऑक्टोबर)

आधी माती तपासा. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवता येतो. बहुतेक राज्यांत विद्यापीठाची अशी सोय असते. वाफ्यातल्या दहा ठिकाणची, सहा-आठ इंच खोलीपर्यंतची माती एका प्लास्टिकच्या बादलीत मिसळून त्यातली पाठवायची. एकाच कोपऱ्यातली माती पाठवली तर अहवाल त्या कोपऱ्याचा येतो.

अहवालात आधी पीएच बघा. साडेसहा ते सात हवा. आमच्याकडची माती सहसा आंबट निघते, म्हणजे चुना घालावा लागतो. किती, ते अहवालात लिहिलेलं असतं. चुना ऑक्टोबरातच घाला. तो मातीत काम करायला महिने घेतो. एप्रिलमध्ये घातलेला चुना या भोपळ्याच्या कामी येत नाही.

मग सेंद्रिय खत. ३०० चौरस फुटांवर तीन इंचांचा थर म्हणजे ७५ घनफूट, जवळपास पावणेतीन घनयार्ड. हा हिशोब करून लोक दचकतात, कारण त्यांनी मनात चार पिशव्या धरलेल्या असतात. शेणखत, घोड्याची कुजलेली लीद, पानांचं खत, जे मिळेल ते मिसळा आणि आठ-दहा इंच खोल उलथून टाका. ताजं शेण घालायचं असेल तर ते फक्त ऑक्टोबरात. वसंतात ताजं शेण घातलं तर मुळं जळतात, आणि त्याच मातीतली मेथी-कोथिंबीर कच्ची खाणं धोक्याचं.

तपासा, न चुकता: बाहेरून आणलेल्या खतात तणनाशकाचा अंश असू शकतो. कुरणावर काही विशिष्ट तणनाशकं फवारली, ते गवत जनावरांनी खाल्लं, तर ती शेणातून तशीच बाहेर येतात आणि कुजूनही लवकर मरत नाहीत. मी एका वर्षी अख्खा ट्रक खत विश्वासाने पसरवलं आणि जूनमध्ये टोमॅटोची पानं नेच्यासारखी वळली. तेव्हापासून नियम केलाय. थोडं खत आणि कुंडीची माती निम्मं-निम्मं मिसळायचं, त्यात सहा घेवड्याच्या बिया टोचायच्या, शेजारी नुसत्या कुंडीच्या मातीत आणखी सहा. खिडकीत तीन-चार आठवडे ठेवायचं. खतातल्या रोपांची नवी पानं वेडीवाकडी आली तर ते खत परत. वाफ्यात पसरल्यावर मात्र काही इलाज नाही.

ऑक्टोबर मध्यापर्यंत वाफ्यावर राय (rye, गवतासारखं धान्य, आपली मोहरी नव्हे) पेरून टाका. हिवाळाभर माती धरून ठेवते. ज्या भागात भोपळ्याचं रोप बसणार तिथली राय एप्रिलच्या सुरुवातीला मुळासकट उलथायची, आणि भाजीच्या भागातली मार्चअखेर, जमीन कामाजोगी झाली की.

## टप्पा ३: बी रुजवणं (२० ते २५ एप्रिल)

तारीख उलट्या बाजूने येते. फळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात धरायचंय, आणि बियापासून तिथवर साधारण दहा आठवडे लागतात. मार्चमध्ये हुरूप येऊन बी लावलंत तर रोप कुंडीत अडकतं. मुळं गोल फिरतात आणि ती गाठ पुढे सुटत नाही.

१. बियाच्या कडा नखांच्या कानशीने हलक्या घासा. टोकदार बाजूला हात लावू नका, मूळ तिथूनच येतं. साल जाड असते, घासल्याने पाणी आत जातं, एवढाच हेतू. आतला पांढरा गर दिसला तर जास्त घासलंत.

२. कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवा. रात्रभर नाही. हे छोले नाहीत. बी गुदमरून सडतं.

३. सहा इंची, मातीत विरघळणाऱ्या कुंडीत इंचभर खोल, टोक खाली करून लावा. माती ओलसर हवी, चिखल नको.

४. ऊब २९ ते ३२ अंश सेल्सियस (८५ ते ९० फॅरनहाइट). इडलीचं पीठ फुगवायला आपण ओव्हनचा नुसता दिवा लावून ठेवतो ती जागा चालते, पण आधी थर्मामीटर ठेवून बघा. काही ओव्हन दिव्यानेच शंभर फॅरनहाइटच्या वर जातात. आणि ओव्हनच्या दारावर ठळक चिठ्ठी लावा. आमच्या ओळखीत एकाने पिझ्झासाठी ओव्हन ४२५ वर तापवला, आत सहा कुंड्या होत्या.

५. तीन ते सहा दिवसांत कोंब वर येतो. दिसला की त्याच तासाला ओव्हनबाहेर, उजेडात. ऊब आणि अंधार यात आणखी दोन दिवस राहिला तर रोप दोऱ्यासारखं लांब होतं.

तीन-चार बिया लावा. लावायचं एकच आहे, पण निवडायला हवं. बियाची दोन जाड पानं एकसारखी, देठ बुटका नि मोकळा, ते रोप ठेवा. वेल सुरुवातीलाच पट्टीसारखी चपटी आली तर दुसरं घ्या.

## टप्पा ४: रोप बाहेर (५ ते १० मे)

पहिलं खरं पान तळहाताएवढं झालं की रोप लावायला तयार. आठवडाभर आधी रोज तास, दोन तास, चार तास असं बाहेर ठेवून वारा-उन्हाची सवय लावा. मातीचं तापमान सकाळी ६० फॅरनहाइटच्या (१५-१६ सेल्सियस) वर हवं. स्वयंपाकघरातला मांसाचा थर्मामीटर चालतो. शाकाहारी घरात त्याला तेवढाच उपयोग.

दिशा: मुख्य वेल पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध बाजूला धावते. हे माहीत नसल्याने निम्मे लोक रोप वाफ्याच्या मधोमध, कसंही बसवतात, आणि वेल कुंपणाकडे निघाली की तिला वळवताना मोडतात. रोप वाफ्याच्या एका आखूड कडेपासून तीन-चार फुटांवर लावा. पहिलं पान त्या कडेकडे, म्हणजे वेल लांबीच्या दिशेने सोळा-सतरा फुटांच्या मोकळ्या वाटेवर निघेल.

वरून प्लास्टिकचं छोटं घर हवं. तारेच्या कमानी आणि पारदर्शक प्लास्टिक पुरतं, चार बाय चार फूट. इथे चूक थंडीपेक्षा उन्हाने होते. मे महिन्यातल्या ऊन पडलेल्या सकाळी बंद प्लास्टिकमध्ये दहा वाजताच भट्टी होते. ऑफिसला निघताना एक बाजू उघडून जा.

मेच्या शेवटी उभं रोप एका दिवसात आडवं पडेल. घाबरू नका, वेल धावायला लागली. पण त्याच दिवसांत वारा तिला पिळतो. वेलीच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या काड्यांची फुली करून आधार द्या, आणि जमिनीला टेकेपर्यंत ठेवा.

## टप्पा ५: वेलीला वळण (जून)

इथेच सगळ्यात जास्त वजन हातचं जातं, आणि इथेच लोक खुर्ची टाकून चहा पीत बसतात.

आपल्याकडची वेल मांडवावर, छपरावर चढवायची सवय इथे उपयोगाची नाही. महाभोपळ्याची वेल जमिनीवरच हवी, कारण तिच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटतं. एका बुडख्याच्या मुळांवर वाढणारं फळ आणि शंभर पेरांच्या मुळांवर वाढणारं फळ, हा फरक आहे.

मुख्य वेल सरळ नाकासमोर. तिच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या आडव्या फांद्या काटकोनात बाहेर न्यायच्या. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी रचना दिसली पाहिजे. आडव्या फांदीच्या पानांच्या बेचक्यातून जो तिसरा फुटवा निघतो तो बोटभर असतानाच खुडा. आठवड्यातून दोनदा. एक आठवडा चुकलात की पानांखाली जंगल होतं, कुठली फांदी कुठली ते कळत नाही, हवा खेळत नाही, आणि भुरीला (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला) घर मिळतं. आडवी फांदी वाफ्याच्या कडेला पोचली (आपल्या वाफ्यात सात-आठ फूट) की शेंडा छाटा आणि टोक मातीत पुरा.

पुरणं असं: वेलीखाली दोन-तीन इंचांची चर, त्यात वेल, पेरावर मूठ-दोन मुठी माती. पान उघडं राहिलं पाहिजे. ताणे कापून टाका, नाहीतर ते शेजारच्या देठांना आवळतात.

वाफ्यात पाय ठेवायचा तो फळ्यांवरच. एकदा तुडवलेली माती पावसाळी न्यू जर्सीत वीट होते.

अळीची पाहणी: जूनच्या मध्यापासून लाल-काळ्या अंगाचा, गांधीलमाशीसारखा दिसणारा पतंग दिवसाढवळ्या वेलीवर फिरतो. बुडख्यावर आणि देठांवर तपकिरी, मोहरीहून बारीक अंडी एकेकटी चिकटवतो. ती नखाने खरवडा. बुडख्याशी ओला भुसा दिसला तर अळी आत गेलीय. धारदार पात्याने वेलीच्या लांबीत (आडवं नव्हे) चीर द्या, अळी काढा, जखमेवर ओली माती दाबा. पेरं पुरलेली असतील तर बुडखा पोखरला गेला तरी वेल जगते. महिनाभर मातीत हात घातल्याचं हे फळ. फवारणी करणार असाल तर लेबल वाचा आणि संध्याकाळी करा. सकाळी फुलं उघडी असतात, आणि मधमाश्या तिथून तुमच्या कारल्या-भेंडीवरही जातात.

खताचं थोडक्यात: अहवाल म्हणेल तेवढंच. हिरवीगार, छत्रीएवढी पानं पाहून आणखी नत्र घालणारे फळगळीची तक्रार घेऊन येतात. पंधरवड्यातून एकदा पातळ मासळीखत चालतं. वासाने शेजारचा कुत्रा आणि रॅकून येतात, सासूबाई घरात जातात.

## टप्पा ६: फळ धरणं (२८ जून ते १० जुलै)

आधी आठवडाभर नुसती नर फुलं येतील. ठीक आहे. मादी फूल ओळखायला सोपं, फुलाखाली लिंबाएवढा गोळा असतो. मुख्य वेलीवर बुडख्यापासून आठ फुटांच्या आतलं मादी फूल काढून टाका. जवळचं फळ धरलं तर वेल वाढायची थांबते आणि फळाला पोसायला पानंच नसतात. दहा ते बारा फुटांवरचं फूल सगळ्यात चांगलं.

१. उद्या उमलणाऱ्या मादी कळीचं टोक आदल्या संध्याकाळी पिवळं-केशरी होतं. तिला लोकरीच्या धाग्याने सैल बांधा किंवा पातळ मलमलीची पिशवी घाला. उद्या उमलतील अशी तीन नर फुलं लांब देठासकट तोडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा.

२. सकाळी आठच्या आत वाफ्यात. दहा वाजता उन्हाने पराग वाळलेला असतो, आणि मग "हाताने करूनही धरलं नाही" अशी तक्रार.

३. नर फुलाच्या पाकळ्या काढून फक्त मधला दांडा हातात धरा. मादी फुलाच्या मधोमध चार-पाच फुगीर भाग (कुक्षी) असतात. त्यातल्या प्रत्येकावर हलक्या हाताने परागकण लावा. एकच बाजू माखली तर फळ एका अंगाने वाकडं वाढतं.

४. पुन्हा झाका. शेजारी काठी रोवून तिच्यावर तारीख लिहा. पुढचे सगळे हिशोब या तारखेवर चालतात.

असं दोन-तीन फुलांवर करा. आठवडाभरात धरलेलं फळ चकचकीत होऊन मान खाली घालतं. न धरलेलं पिवळं पडून गळतं. दहाव्या दिवसापासून रोज संध्याकाळी फितीने घेर मोजा. विसाव्या दिवसापर्यंत एक फळ इतरांच्या पुढे गेलेलं दिसेल. ते ठेवा. बाकीची कापा.

हे कापणं आपल्या माणसांना जमत नाही. माझी आई एका वर्षी इथे होती. धरलेलं फळ तोडताना तिने पाठ फिरवली आणि मग त्याच फळाची मोहरी-मिरचीची भाजी केली. कोवळं असताना चवीला बरं लागतं. दोन ठेवलीत तर दोन मध्यम भोपळे मिळतील, मोठा एकही नाही.

## टप्पा ७: फळाची बैठक (धरल्यापासून पहिले तीन आठवडे)

फळ खुर्चीएवढं झालं की हलवता येत नाही. जे करायचं ते कलिंगडाएवढं होण्याआधी.

देठ मुख्य वेलीशी काटकोनात हवा. फळ रोज बोटभर फिरवायचं, संध्याकाळी, वेल उन्हाने सैल पडलेली असताना. सकाळी ती ताठ असते, कडकन मोडते. एका दिवसात पूर्ण फिरवायला गेलेल्यांचा हंगाम तिथेच संपतो.

फळाचे खांदे वाढले की ते वेलीला वर उचलतात. वेल पेरांच्या मुळांनी जमिनीला बांधलेली असेल तर देठ फाटतो. म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन फुटांतली पेरांची मुळं अलगद कापून वेल मोकळी करा. हो, महिनाभर कष्टाने पुरलेली. फक्त तेवढीच.

खाली चार इंच वाळूचा थर द्या, म्हणजे पाणी साचून बूड सडत नाही. पुढे ट्रकवर चढवायचा विचार असेल तर आत्ताच खाली लाकडी पॅलेट आणि वर जाड फळी सरकवा. वर सावलीला जुनी सुती चादर काठ्यांवर ताणा. प्लास्टिकची ताडपत्री नको. उन्हाने साल कडक झाली की आतला गर वाढतो, साल वाढत नाही, आणि भोपळा तडकतो.

## टप्पा ८: पाणी (जुलै मध्य ते ऑगस्ट)

फळ धरल्यापासून विसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत वाढ सगळ्यात जोरात. ५ जुलैला धरलं असेल तर २५ जुलै ते १४ ऑगस्ट. बरोबर याच दिवसांत आपली निम्मी मंडळी मुलांच्या सुट्टीत भारतात असतात. स्पष्ट सांगतो: त्या वर्षी महाभोपळा लावू नका, भेंडी लावा. शेजाऱ्याला सांगून गेलेला वाफा वाळतो, आणि परत आल्यावर अपराधी मनाने केलेला पाण्याचा मारा उरलेलं काम करतो. कोरड्या मातीवर एकदम भरपूर पाणी पडलं की फळ आतून फुगतं आणि फाटतं.

हिशोब सोपा आहे. ३०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १८७ गॅलन. भर उन्हाळ्यात आठवड्याला दीड इंच धरा, म्हणजे रोज ४० गॅलन. पाऊस झाला तर तेवढं वजा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ कडांचा डबा वाफ्यात ठेवा. पाणी पहाटे आणि जमिनीवर. संध्याकाळी पानांवर शिंपडलेलं पाणी रात्रभर राहतं.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावत जाऊ नका. तीन वाजताच्या उन्हात ती तशी दिसतातच. संध्याकाळी सातलाही मलूल असतील तर मातीत बोट घाला. चार इंचांवर कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर बुडख्याशी भुसा शोधा.

जुलैअखेर पानांवर पिठासारखी भुरी येते. आल्यावर नाही, येण्याआधी फवारायचं. गंधक वापरत असाल तर ९० फॅरनहाइटच्या वर नको, आणि नीम तेल मारल्यावर दोन आठवडे तरी नको, पानं भाजतात.

## टप्पा ९: मापणं आणि उतरवणं (सप्टेंबर-ऑक्टोबर)

वजनाचा अंदाज फितीने येतो. तीन मापं इंचांत घ्या: जमिनीला समांतर घेर, देठाकडच्या जमिनीपासून वरून पलीकडच्या जमिनीपर्यंत, आणि तसंच डावीकडून उजवीकडे. तिन्हींची बेरीज करून ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या महाभोपळ्यांच्या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात बघा. फक्त घेरावरून काढलेला अंदाज फसवतो, कारण बसका आणि उंच भोपळा सारख्याच घेराचे असू शकतात.

वाढ दिवसाला पौंडाच्या खाली आली, किंवा हिमाचा इशारा आला, की काढा. देठ कापायचा नाही. देठाच्या दोन्ही बाजूंना वेलीचा वीतभर तुकडा ठेवून वेल कापा. उचलताना देठाला हात नाही. २०० पौंडांपर्यंत जाड ताडपत्री आणि सहा धट्टीकट्टी माणसं पुरतात. त्यावर तिकाटणं आणि साखळीची कप्पी आणा. पाठ दुखावणारे बहुतेक "अरे, एवढ्यात होऊन जाईल" म्हणणारे असतात.

स्पर्धेत न्यायचा असेल तर साल सगळीकडून चाचपा. आतल्या पोकळीपर्यंत गेलेलं भोक किंवा चीर असेल तर वजन धरत नाहीत. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावी असे भोपळे पोखरून, त्यांत बसून तळं वल्हवायची शर्यत अनेक वर्षं झाली. लेकीकडे निघालेल्या आपल्या म्हातारीला तिथे कुणी वेडी म्हटलं नसतं.

वेल उपटून पिशवीत भरून बाहेर काढा. उरलेल्या अळ्या आणि भुरी कंपोस्टात नकोत. मग लगेच पुन्हा टप्पा दोन: मातीचा नमुना, चुना, तीन इंच खत, राय. जागा रिकामी दिसते म्हणून तिथे ऑक्टोबरात लसूण लावायचा मोह होईल. लावू नका. लसूण जुलैशिवाय निघत नाही, आणि तोवर वेलीला ती जागा लागलेली असते. लसूण भेंडीच्या वाफ्यात.